खिडकी उघडणारं बदक

भिंगरीची आई छापखान्यात प्रुफं तपासायची. चूक पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कामावर हे ठीक हो, पण ही बाई घरी येतानाही तो स्वभाव बरोबर घेऊन यायची. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी तिला खुपायची, औषधाच्या खोक्यावरचा अनुस्वार खुपायचा आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते भिंगरीचं वाचन. पोरगी बोलायला लागली की ऐकणाऱ्याला धाप लागावी, आणि पुस्तक समोर आलं की तिची दातखीळ बसायची. शाळेतल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, सुट्टीत घरी रोज मोठ्याने वाचून घ्या. शाळा उघडली की मी ऐकेन, आणि सुधारणा नसेल तर तिला पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल.

आईने हे भलतंच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी ती पेन हातात घेऊन पोरीशेजारी बसायची, आणि शब्द अडखळला रे अडखळला की टक्‌, पेन त्या शब्दावर. दोन ओळींत भिंगरी घामाघूम व्हायची. शेवटी आत्याच म्हणाली, माझ्या खोलीत पाठव तिला, माझे कान रिकामेच असतात. आत्या म्हणजे भिंगरीच्या बाबांची थोरली बहीण. ती घरीच बसून एका शिंप्यासाठी काजं-बटणं करून द्यायची.

काही दिवसांतच आत्याच्या खोलीतून एका बदकाच्या गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचल्याचा आवाज यायला लागला. दुसरी एखादी आई आनंदाने नाचली असती. हिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतक्यात इतकं? कसं शक्य आहे? मागे भिंगरीची चित्रकलेची वही आत्यानेच रंगवून दिली होती, ते ती विसरली नव्हती. तिने पोरीला बोलावून तेच बदकाचं पुस्तक समोर धरलं, तर पहिल्याच ओळीला गाडी अडकली. झालं! आईची खात्रीच पटली. आत्या आधी वाचून दाखवते आणि पोरगी पोपटासारखं पाठ म्हणते. दोघी मिळून आपल्याला बनवताहेत, आणि यात पोरीचं वर्ष जाणार.

तिने आत्याला आडून आडून विचारलं. आत्या सुईत दोरा ओवत एवढंच म्हणाली, वाचते की ती. इतकं कमी बोलणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं आईच्या मनाने घेतलं. पाणी कुठेतरी मुरतंय, ते शोधायचंच.

मग तिने जे केलं ते छापखान्यातल्या माणसालाच सुचावं. पुस्तकातलं मधलं पान तिने तसंच्या तसं पुन्हा छापून घेतलं. अक्षर तेच, कागद तोच, चित्रही तेच. फक्त ‘बदकाने छत्री उघडली’च्या जागी ‘बदकाने खिडकी उघडली’. पाठ म्हणणारी पोरगी छत्रीच म्हणणार! दुपारी तिने पिना काढून ते पान बेमालूम बसवलं, आणि संध्याकाळी भाजी चिरायचं सोडून आत्याच्या दाराआड उभी राहिली. आपल्याच घरात चोरासारखं उभं राहायची लाज वाटली, पण हलली नाही.

भिंगरी वाचत होती. कुठे थांबत होती, कुठे सुटत होती. आत्याची सुई चालूच. ते पान आलं.

“बदकाने खि... खिडकी उघडली,” भिंगरीने वाचलं.

आईच्या छातीवरचा दगड उतरला. वाचतेय! खरंच वाचतेय माझी पोर! ती आत जाणार, तेवढ्यात भिंगरीचा आवाज आला.

“आत्या, हे पान आईने बदललंय. कालपर्यंत पुस्तकाच्या पिना गंजलेल्या होत्या, या नव्या आहेत.”

“कशाला बदलेल गं ती?”

“मी चुकावं म्हणून.”

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे तर चोरच नव्हता, आणि सुळी मात्र स्वतःच्या पोरीसाठी तासून ठेवली होती. आई तशीच दारात गेली. भिंगरीने तिला पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

“चुकलं माझं,” आई म्हणाली. “मला वाटलं, तू पाठ म्हणतेस. मी बसू इथे?”

भिंगरीने आत्याकडे बघितलं. आत्या बटण लावण्यात गुंग. पोरगी थोडी सरकली.

“बस. पण पुस्तकात बघायचं नाही. तिकडे तोंड कर.”

आयुष्यभर छापील अक्षरावर डोळे रोखून बसलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून बसली. भिंगरीने पुस्तक उघडलं. आवाज आधी बारीक निघाला, मग जरा मोकळा झाला. चौथ्या-पाचव्या ओळीला एक शब्द साफ चुकला. आईने पदर मुठीत घट्ट धरला. भिंगरी पुढे गेली, अर्ध्यावर थबकली, म्हणाली, “नाही, असं नाहीये,” आणि मागे जाऊन तो शब्द आपला आपण नीट वाचला.