घरचाच माणूस

मंठ्याच्या त्या दवाखान्यात एक जुनी चाल होती. रिपोर्ट तयार झाला की ज्याचा त्याला बोलवायचं नाही. गावाकडं जाणारा कोणी भेटला की त्याच्या हाती देऊन टाकायचा. तेवढाच गरिबाचा हेलपाटा वाचतो, असं कंपाउंडर तातेराव अभिमानाने सांगायचा. रूपालीच्या आईचा साखरेचा रिपोर्ट असाच दूधवाल्याबरोबर घरी आला होता, आणि तेव्हा सगळ्यांनी तातेरावाला दुवाच दिला होता. आता त्याच चालीने रूपालीची लेक तिच्यापासून तुटायची वेळ आणली होती.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं बाळ दगावलं. कितीतरी दिवस ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्याच दवाखान्याच्या डॉक्टर अरुंधतींनी गोळ्या दिल्या, धीर दिला, आणि ती उठून उभी राहिली, पुन्हा शाळेत शिकवायला लागली. त्या वाईट दिवसांत ती डॉक्टरांजवळ जे बोलली, ते सख्ख्या आईजवळही बोलली नव्हती. थोरल्या लेकीला जवळ घ्यावंसंसुद्धा वाटत नाही, असं बोलून गेली होती. डॉक्टरांनी ते फाईलमध्ये लिहून ठेवलं.

पुढे नवऱ्याशी, सुमितशी, पटेनासं झालं. ती लेकीला घेऊन माहेरी आली आणि जालन्याच्या कोर्टात लेकीच्या ताब्याचा दावा लागला. सासरे सर्जेराव आपलं बीपी तपासायला दवाखान्यात गेले, 'सुनेची पण फाईल द्या' म्हणाले, आणि तातेरावाने देऊन टाकली. परवा सुमितच्या वकिलाने त्या फाईलच्या झेरॉक्स कोर्टापुढे ठेवल्या. 'जवळ घ्यावंसं वाटत नाही' याखाली लाल रेघ होती. रूपाली बरी झाल्याचं पान मात्र त्यांत नव्हतं. शोधणाऱ्याला पाहिजे तेवढंच सापडतं!

रूपालीच्या अंगाची लाही लाही झाली. शाळेला सुट्टी टाकून तिने मंठा गाठलं. तातेरावाला चारचौघांत फैलावर घ्यायचं असं ठरवूनच ती आली होती, पण काऊंटरपुढे उभी राहिली आणि तोंडातून वेगळंच निघालं.

"तातेरावकाका, आमच्या सासऱ्यांची फाईल पाह्यजे होती. सर्जेराव पाईकराव."

"जल्दी देतो की," मान वर न करता त्याने कपाट उघडलं. "बरं झालं तू आली. म्हातारा येतो येतो म्हणून राह्यला, येत काही न्हाई. जा घेऊन. तू तर घरचंच माणूस."

कोण, कशाला, एक प्रश्न नाही. सासऱ्यांची सगळी दुखणी, झाकलेलं-लपवलेलं सगळं, तिच्या हातात आलं. तिला मोह झाला. जशास तसं! द्यावं कोर्टात, कळू दे म्हाताऱ्याला उघडं पडणं काय असतं ते. मग तिला स्वतःचीच शिसारी आली. फाईल न उघडता ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली आणि फाईल टेबलावर आपटली.

"ही माझी फाईल न्हाई, मॅडम. सासऱ्याची हाय. मागितली अन् मिळाली. त्यांनी माझी अश्शीच नेली, अन् आता ती कोर्टात हाय."

अरुंधतींचा चेहरा उतरला. "अगं, तातेरावला वाटलं असेल, घरचेच आहेत..."

"घरचाच माणूस तर गळा धरतो, मॅडम! बाहेरच्याला काय करायची माझी फाईल?" तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "आईला न्हाई सांगितलं ते तुम्हाला सांगितलं. गावाला सांगायला गेल्ते का मी?"

डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलं. "मी लिहून देते. तू पूर्ण बरी आहेस, चांगली आई आहेस. लागलं तर कोर्टात येऊन सांगते."

दुसरी कोणी हुरळून गेली असती. रूपालीचा संताप उलट वाढला. तिच्याबद्दल कुणाला काय सांगायचं, हे पुन्हा दुसरंच कोणीतरी ठरवत होतं.

"ते सांगायचं का न्हाई, मी ठरवीन. मंग बघू. आधी दुसरं लिहा."

"काय?"

"ह्या बाईला न विचारता तिची फाईल आम्ही तिच्या सासऱ्याला दिली. चूक सगळी आमची. खाली सही अन् शिक्का."

अरुंधतींचं पेन थांबलं. स्तुती लिहायला किती भराभर निघालं होतं ते! "असं लिहून दिलं तर दवाखान्याचं नाव जाईल गं. लोक काय म्हणतील?"

रूपालीने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"माझं नाव गेलं तेव्हा कोणी विचारलं न्हाई, मॅडम. लिहा. लिहून होईस्तोवर मी इथंच बसून हाय."