पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग

गप्प बसायचं म्हटलं की तेजस्विनीच्या पायाला मुंग्या यायच्या. नारायणगावच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती आणि वक्तृत्वाची एक स्पर्धा तिनं सोडली नव्हती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं तिला कळलेलंच असायचं. मग थांबायचं कशाला? म्हणून कम्युनिकेशन स्किल्स हा विषय तिनं डाव्या हातचा मळ समजून घेतला होता.

त्या विषयाच्या भोर मॅडमनी प्रॅक्टिकल दिलं तेही तिला पोरखेळ वाटलं. घरातल्या एका माणसाशी पाच मिनिटं बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि आपण त्याला किती वेळा मध्येच तोडलं ते मोजून आणा.

तिनं वडिलांना गाठलं. गोरखअण्णांचं आळेफाट्याला पाण्याच्या जळक्या मोटरी, आतली तार नव्यानं गुंडाळून, भरून द्यायचं दुकान होतं. संध्याकाळी तिथं जाऊन तिनं फोन टेबलावर ठेवला, पाच मिनिटं बोलली आणि पळाली. ऐकायला मात्र सवड मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पिंपळवंडीच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना.

कानात तिचाच आवाज धो धो वाहत होता. पुण्याचं अॅडमिशन, मैत्रिणीचं भांडण, पुढची स्पर्धा. मध्येच अण्णा म्हणाले, "तेजू, मी काय म्हणतो, माझं जरा..."

"तुमचं नंतर हो, आधी हे ऐका!"

थोड्या वेळानं पुन्हा, "परवा शिनोलीच्या पावण्याची मोटर..."

"परत आली ना? तरी सांगत होते, एवढी कामं घेऊ नका!"

"तसं न्हाई गं. कान..."

"हां हां, कळलं. बरं, स्पर्धा कुठंय माहितीये? मंचरला!"

"हां, जेवलो मी," अण्णा म्हणाले.

तेजस्विनीनं ते मागं घेऊन पुन्हा ऐकलं. मंचरला म्हटलं, तर जेवलो मी? काल तिच्या हे लक्षातही आलं नव्हतं. हसून ती पुढं बोलत सुटली होती. तेवढ्यात नारायणगावची एसटी आली. तिनं ती सोडली, रस्ता ओलांडून उलट्या बाजूची, आळेफाट्याची जीप धरली.

अण्णा दुकानात पाठमोरे बसले होते. तिनं हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर ओरडूनच. शेजारच्या टपरीवाल्यानं वळून पाहिलं, अण्णांनी नाही. सुरू असलेल्या मोटरीवर तळहात दाबून, डोळे मिटून ते बसले होते. पूर्वी ते लांब पेचकसाचं टोक मोटरीला लावायचे, मूठ कानाला, आणि क्षणात सांगायचे, "बेअरिंग गेलंय, राव." त्या कानासाठी पार मढपासून माणसं मोटरी घेऊन यायची.

ती समोर जाऊन उभी राहिली तसे ते दचकले. "कॉलेज न्हाई का आज?"

"कानाचं काय सांगत होता?"

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं तेच पुन्हा विचारलं आणि कधी नव्हे ती थांबली.

"उजव्यात दिवाळीपासून काय येत न्हाई. डावा अर्धा. त्या पावण्याची मोटर चांगली म्हणून दिली, दुसऱ्या दिवशी जळाली. बेअरिंग घासत व्हतं. मला ऐकूच आलं न्हाई."

"आईला माहितीये?"

"तिला वाटतं, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो."

"मग मला तरी..." एवढं बोलून तिची तिनंच जीभ चावली.

अण्णा ओशाळं हसले. "तू लई भराभर बोलती गं. ओठ बघूनसुदिक शब्द धरता येत न्हाईत."

सोमवारी ती त्यांना घेऊन मंचरला कानाच्या डॉक्टरांकडं गेली. काचेच्या खोलीत अण्णांना बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर मशीनवर आवाज सोडला की दिवा लागायचा. दिवा लागे, विझे. अण्णांचा अंगठा तसाच. ते शाळेतल्या शहाण्या मुलासारखे ताठ बसून वाट बघत होते. तेजस्विनीचा पाय खालून नुसता हलत होता. काचेवर धडका मारून ओरडावं, आत्ता दाबा, आत्ता आला होता! तिनं खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली.

उजवा गेलाय, डॉक्टर म्हणाले. डाव्याला ऐकायचं मशीन लावून बघू. लावलं. मंचरच्या स्टँडवर येईपर्यंत अण्णांनी ते उपसून खिशात टाकलं. "हॉर्न, भांडी, पोरं... डोकं फुटंल. घरी गेल्यावर लावतो. आधी शिनोलीला जाऊ. त्या पावण्याला मी वायरीचं कारण सांगितलंय, खोटं. तू चल, तुझं तोंड चालतं, तू सांग."

"मी येते," ती त्यांच्याकडं तोंड करून सावकाश म्हणाली. "सांगायचं तुम्ही."

शिनोलीचा तो पावणा, भागू नावाचा शेतकरी, अंगणातच होता. अण्णा उभ्यानं बोलायला लागले. दिवाळीपासून सुरुवात केली, मध्ये अडले, पुन्हा मागं गेले. तेजस्विनीला चार वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ती उभी राहिली. मोटर माझ्यामुळं जळाली, इथपर्यंत यायला अण्णांना बराच वेळ लागला.

भागू सगळं ऐकून खाली बघत काहीतरी बोलला. अण्णांना ते कळलं नाही. त्यांनी मुलीकडं पाहिलं.

"ते म्हणतात, मोटर तुम्हीच भरा. पण देण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला लावा."

"ही ऐकंल की," अण्णा लगेच म्हणाले. "रविवारी."

तेजस्विनीला कुणी विचारलं नव्हतं. रविवारी तिचा स्पर्धेचा सराव असायचा. ती काही बोलायच्या आत अण्णा आणि भागू जळकी मोटर उचलायला गोठ्याकडं निघालेसुद्धा, आणि मोटर चांगलीच जड होती, म्हणून तीही मागोमाग धावली.