हजार अक्षरांच्या पुढे

आमची कंपनी दुकानांच्या ऑर्डरी कारखान्यांच्या संगणकांपर्यंत पोचवते आणि अक्षरं मोजून बिल लावते. दर हजार अक्षरांना एक एकक. हजारावर एक अक्षर गेलं तरी दुसरं एकक लागतं. मजकूर आम्हाला दिसत नाही, फक्त त्याची लांबी दिसते.

माझी ताई अशाच एका मोठ्या दुकानाच्या खरेदी विभागात आहे. भांडण झाल्यापासून वर्षभर आम्ही बोललेलो नाही. पण तिथल्या इतरांच्या ऑर्डरी नऊशे अक्षरांत संपतात आणि रोज तीन-चार अकराशेच्या वर जातात. त्या ताईच्या. तिला साधी चिठ्ठीसुद्धा थोडक्यात लिहिता येत नाही. "खोकी नीट बांधा, मागच्या वेळी कोपरे चेपले होते" असं शेवटी लिहीतच असणार. मध्ये आठवडाभर अकराशेची एकही ऑर्डर आली नाही, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

सोमवारी ताईच्या दुकानाचं बिल पुढे ठेवून साहेब म्हणाले, "त्या दुकानाला बिल कमी करायचंय. उपाय लिहून पाठव. तुझं तर आकड्यांशी लग्नच लागलंय."

"पाठवते," मी म्हणाले.

उपाय एकच होता: ऑर्डरीखालची टीप गाळा. दुपारपर्यंत मी तो लिहिला नाही. मग लिहिला आणि खाली फक्त कंपनीचं नाव घातलं.

बुधवारी सगळ्या ऑर्डरी नऊशेच्या आसपास आल्या. ताईने पहिल्यांदाच माझं मुकाट्याने ऐकलं होतं, आणि ते माझं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी त्या यादीत तिची ऑर्डर शोधत राहिले.