रुळेपर्यंत बसायची मुभा

बालवाडीचा नियम असा होता, की मूल रुळेपर्यंत घरातल्या एका मोठ्या माणसाने वर्गात बसावे. मोठे माणूसच रुळले तर काय करावे, याबद्दल नियमात काही नव्हते.

सर्जेराव नातवाला, म्हणजे श्यामला, घेऊन पहिल्या दिवशी आले ते कुरकुरतच. मुलगा मच्छिंद्र आणि सून शकू दोघेही नोकरीला. सर्जेरावांच्या बायको तुळजाबाई होत्या तोवर पोराला सांभाळायला शाळा लागत नव्हती. दिवाळीनंतर त्या गेल्या. सर्जेरावांचा कर्वेनगरातला कांद्याचा मळा तर त्याआधीच गेला होता, आणि तिथे उगवलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहत होते.

“हितं शिकवत्यात काय?” त्यांनी बालवाडीच्या आनंदीताईंना विचारले.

“खेळायला.”

“खेळायला साळा? आमच्या टायमाला खेळायचं म्हणलं की साळा चुकवायला लागायची.”

“म्हणून तुमचं दोन्ही राहिलं,” ताई म्हणाल्या आणि त्यांना बसायला स्टूल दिले. स्टूल चार वर्षांच्या मापाचे होते. सर्जेराव बसले तेव्हा गुडघे कानांपाशी आले.

वर्गात एकीकडे पाण्याचा टब होता. मुले त्यात पेल्यांनी पाणी मोजत, सांडत आणि पुन्हा मोजत. एकीकडे लाकडी ठोकळे होते, आणि खिडकीखाली भातुकली. भातुकलीचा कारभार सकीनाकडे, बांगडीवाल्या नियाजच्या मुलीकडे होता. तिच्या घरात नवऱ्याची जागा कायम रिकामी असे, कारण नवरा झाला की त्याला लगेच ऑफिसला हाकलले जाई. मुलांना ते परवडत नसे. सर्जेराव मात्र रिकामेच बसले होते.

“अहो, चहा घ्या,” सकीना म्हणाली.

सर्जेरावांनी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. गाव त्यांना सर्जेराव म्हणे, घरचे आबा म्हणत, बसचा कंडक्टर आजोबा म्हणे. अहो म्हणणारे माणूस एकच होते. त्यांनी अंगठ्याएवढा पितळी कप घेतला आणि नसलेला चहा प्याले.

“साखर कमी झाली.”

“मुद्दाम कमी घातलीय. तुम्हाला चालत नाही ना.”

सर्जेरावांनी कप ओठांपाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. सकीनाला वाटले, चहा फार गरम आहे. तिने कप परत घेऊन त्यावर फुंकर घालून दिली.

श्याम आठवड्याभरातच रुळला. टबापाशी बसला की त्याला आजोबा आठवत नसत. “उद्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल,” ताई म्हणाल्या. त्या दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्जेरावांनी नातवाला चिक्की घेऊन दिली आणि एक नवा खेळ समजावून सांगितला. आबा उठून दाराकडे निघाले, की मोठ्यांदा रडायचे. बस्स.

श्यामला हा खेळ ठोकळ्यांपेक्षा सोपा वाटला. पोराच्या अंगात गुण होता. टाहो असा फोडे, की शेजारच्या पिठाच्या गिरणीतला माणूस बाहेर येऊन बघे. डोळ्यांत मात्र टिपूस नसे, आणि मधूनच थांबून तो आबांकडे बघे, एवढे पुरे का म्हणून. ताईंना कोडे पडले. सर्जेराव चेहरा पाडून पुन्हा स्टुलावर बसत आणि सकीना चहा टाकी.

असे दोन महिने सुखात गेले. मग एका रात्री जेवताना शकू म्हणाली, “आबा, ताई म्हणत होत्या, हा अजून रडतोय. काढूया तिथनं. स्वारगेटकडं एक शाळा आहे, बेंचवर बसवतात. घरच्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत. आपोआप सरळ होईल.”

श्यामचा घास हातातच राहिला. “तिथं टब हाय?”

“पाटी आहे.”

श्याम रडला. या वेळी आवाज अजिबात आला नाही, पाणी मात्र थेट भातात पडले. खोटे रडणे सर्जेरावांनीच शिकवले होते, त्यामुळे खरे त्यांना लगेच ओळखू आले. ते पानावरून उठले.

सकाळी वाटेत ते म्हणाले, “आज रडायचं न्हाई.”

“मग चिक्की?”

“तरीबी देतो. आन् उद्यापासनं आई सोडंल तुला.”

श्यामने मान डोलावली आणि वर्गात शिरताच तो टबाकडे पळाला. सर्जेरावांना खरे तर दारातूनच परत फिरायचे होते. पण भरल्या घरातून काही न सांगता निघून जाणे त्यांना बरे वाटेना.

“उद्यापासनं मी येनार न्हाई,” त्यांनी सकीनाला सांगितले.

“ऑफिसला जाणार?”

“न्हाई.”

“गावाला?”

“न्हाई.”

सकीनाने भाजी ढवळता ढवळता विचार केला. “म्हणजे तुम्ही मेलात,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “झोपा.”

सर्जेराव चटईवर आडवे झाले. टब सोडून श्याम आला आणि त्याने नीट पाहणी केली.

“असं नसतंय. नाकात कापूस घालत्यात.”

तुळजाबाई गेल्या त्या दिवशी श्यामला शेजाऱ्यांकडे पाठवले होते. पोराने काही पाहिले नाही, यावर घरात सगळ्यांचे एकमत होते. त्यानंतर त्याने आजीचे नावही काढले नव्हते आणि सगळ्यांना हायसे वाटले होते. आता तो चिकटकामाच्या डब्यातून कापूस घेऊन आला. दोन बोळे करून त्याने आबांच्या नाकात हलकेच बसवले. मग टबातून चमचाभर पाणी आणून ओठांना लावले.

“आजीच्या तोंडातनं पानी भाईर आलं,” तो म्हणाला. “तुमी गिळा.”

सर्जेरावांनी गिळले.

“आता सगळ्यांनी रडा,” सकीनाने हुकूम सोडला. दोन मुलींनी तोंडावर फ्रॉक घेतले. “श्याम, तू रड ना. तुला छान येतं.”

“मला न्हाई रडायचं. आबांनी सांगितलंय.” त्याने ओठ घट्ट मिटले आणि शब्द पाळला.

सर्जेरावांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघून कानांत गेले. सकीना वाकली.

“अहो, मेलेल्यांनी रडायचं नसतं.”

“चुकलं.”

“बोलायचंपण नसतं.”

तेवढ्यात खाऊची घंटा झाली. मेलेल्या माणसाला सोडून सगळी मुले धावली. श्यामही धावला आणि त्याने मागे पाहिले नाही. आनंदीताई दारात केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या येऊन स्टुलावर बसल्या.

“मुलगा रुळलाय, असं सांगते मी तुमच्या सूनबाईंना,” त्या म्हणाल्या. “उठा आता, सर्जेराव.”

“जरा पडू द्या, ताई. आत्ताच तर गेलोय.”

पलीकडे मुले पोहे खात होती. ताईंनी वाकून सर्जेरावांच्या नाकातला कापूस काढला.