संगतीची घंटी

जीपमधून लिन्थोई उतरताच न्यायला आलेल्या ऋतुजाने तिची बॅग ओढून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"घरी गोळ्यांचं काही बोलू नकोस. डॉक्टरचंही."

लिन्थोई मणिपूरची. विद्यापीठाच्या हॉस्टेलात दोघी एकाच खोलीत राहायच्या. दोन वर्षांत ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. तिने नुसती मान हलवली. खांद्यावरच्या पिशवीला बांधलेली पितळी घंटी किणकिणली.

"आणि ही आज तरी काढ. दुखवट्याचं घर आहे."

लिन्थोईने ती काढली नाही.

आप्पांचा, ऋतुजाच्या वडिलांचा, तेरावा परवाच झाला होता. केज गावाबाहेरच्या वस्तीकडे चालताना ऋतुजाच्या डोळ्यांपुढून हॉस्टेलचं फाटक हटत नव्हतं. हिवाळ्यात महिनाभर ती अंथरुणातून उठली नव्हती. डबा तसाच परत जायचा. फोनवर मात्र 'परीक्षा आहे' म्हणायची. एक दिवस आप्पा न कळवताच आले. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी, अंगाला मेंढरांचा वास. मुली बघत होत्या. तिने भाकरी घेतली आणि "असे परत येऊ नका" म्हणत पाच मिनिटांत त्यांना वाटेला लावलं.

ते परत आले नाहीत.

घरी आईने, साखराबाईने, दोघींपुढे ताटं ठेवली.

"ह्या पोरीला तिखट चालतंय का गं?"

"आमच्याकडे याच्यापेक्षा तिखट, मावशी," लिन्थोई म्हणाली.

"आगं माय! मंग आमचं कालवण म्हंजी तुला दूधभातच की."

पंधरा दिवसांत साखराबाई पहिल्यांदा हसली. ताटासाठी जागा करायला तिने पिशवी बाजूला सरकवली. घंटी वाजली आणि तिचा हात थांबला. घंटीच्या काठावरच्या खाचेवरून तिने अंगठा फिरवला.

"ही तर आमच्या काळ्या मेंढीची. तुला कुठं घावली?"

ऋतुजाने तेव्हा कुठे नीट पाहिलं. आठ महिने ती कानाशी वाजत होती. बाजारातलं काहीबाही म्हणून तिने कधी हातात धरली नव्हती. उलट कितीदा खेकसली होती, "काढ ती कटकट."

"हिच्या बाबांनी दिली," लिन्थोई म्हणाली. "फाटकाबाहेर. बोलले, पिशवीला लाव, काढू नको. जेवताना हिच्याजवळ बस."

साखराबाईने घंटी मुठीत धरली. मग लिन्थोईलाच सांगू लागली,

"आजारी मेंढरू खाणं सोडतंय, कळपाच्या मागं ऱ्हातंय. आमी घंटी त्याला न्हाई बांधत. त्याच्या संगतीच्या मेंढराला बांधतो. मंग ते आवाजामागं चालतंय."

ऋतुजाने घास तसाच ताटात ठेवला.

"किती दिस जेवली न्हवतीस?" आईने तिला विचारलं.

"माय..."

"मला म्हणले, पोरगी खुशाल हाय. घंटी कुठं गेली इचारलं, तर म्हणले हरवली."

लिन्थोई घंटीची गाठ सोडू लागली. "मावशी, परत घ्या."

साखराबाईने तिचा हात बाजूला सारला. सैल झालेली गाठ दातांनी आवळली आणि पिशवी तिच्याच खांद्याला अडकवली.

ऋतुजा हात धुवायला म्हणून उठली आणि तशीच मेंढरांच्या कुंपणाकडे चालत राहिली. थोड्या वेळाने मागून घंटी येऊ लागली. तिने वळून पाहिलं नाही. पावलं तेवढी हळू केली.