नत्थूजींच्या अंगणातल्या घुशी

प्रताप नगरातल्या नत्थूजींच्या घरात आनंदराव मेश्राम किरायाने राहायला आले ते अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर. तेव्हा प्रताप नगर म्हणजे शहराचं टोक. थोडी घरं ओलांडली की तुरीची वावरं सुरू होत. आनंदराव सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्ती जवळ आलेली. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती, एकुलती मुलगी प्रेमलता बिलासपूरला दिलेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्यात भावाच्या घरी त्यांची एक खोली होती. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा तेच आपणहून म्हणाले, "माही खोली त्याले द्या. मी पाहतो कुठं तरी." भाऊ नाही-नाही म्हणाला, पण फार वेळा म्हणाला नाही.

जागा शोधताना जिथं तिथं आधी आडनाव विचारलं जाई, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेल्याचं कळे. नत्थूजींनीही आडनाव विचारलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडाले पाणी टाकता येते का?"

"येते ना."

"मंग या राहाले. अंगणातली झाडं वाळली नाही पाहिजे, बस."

नत्थूजींनी गांधीबागेत कापडाच्या दुकानात जन्म काढला होता. आता सत्तरी उलटली होती, गुडघे धरले होते. वरच्या मजल्यावर मुलगा रविंद्र आणि सून यांच्याबरोबर ते राहत. मुलगा बँकेत, सून शाळेत, त्यामुळे दिवसभर वर ते एकटेच. अंगणातली झाडं त्यांच्या बायकोने, सिंधूताईंनी लावलेली. निशिगंध, शेवंती, अळू, हळद, कोपऱ्यात कढीपत्ता. सिंधूताई गेल्यापासून नत्थूजी खाली अंगणात उतरले नव्हते. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून नुसते पाहत.

संध्याकाळी आनंदराव सायकल भिंतीला टेकवून झाडांना पाणी घालत. वरून आवाज येई, "टाकलं का गा पाणी?"

"टाकलं."

झालं बोलणं. मग भात टाकायचा, वरण गरम करायचं, रेडिओ लावायचा. छापखान्यात दिवसभर मान खाली, डोळे कागदावर, तिथंही कोणी फार बोलत नसे. कितीतरी दिवस असे जात की संध्याकाळनंतर आनंदरावांच्या तोंडून तेवढा एकच शब्द बाहेर पडे. सुरुवातीला त्यांना ते बरं वाटलं. भावाच्या घरी फार गलका असायचा. पण होळीच्या सुमारास एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपण भाजीवालीशी उगाच दराची घासाघीस करतो आहोत, आणि ती निघून गेल्यावर आपल्याला वाईट वाटतं आहे.

त्याच दिवसांत घुशी आल्या. एका सकाळी निशिगंधाच्या वाफ्यात ओल्या मातीचा ढीग दिसला आणि त्याच्याशेजारी मनगट सहज जाईल एवढं बीळ. दोन झाडं आडवी पडली होती, खालचे कंद कुरतडलेले. आनंदरावांनी विटांचे तुकडे ठोकून बीळ बुजवलं. दुसऱ्या दिवशी हळदीत नवीन निघालं. त्यात बादल्यांनी पाणी ओतलं, तर पाणी सगळं आत गेलं आणि घूस मात्र भिंतीच्या कडेनं तिसरीकडून वर आली. हळदीचा वाफा असा पोकळ झाला की पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतावा.

शेवटी त्यांनी वर पाहून सांगितलं, "नत्थूजी, घुशी झाल्या जी अंगणात. सिंधूताईंचा निशिगंध खाऊन राहिल्या."

थोड्या वेळाने जिन्यावर काठीचा आवाज आला. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दम खात, ते खाली उतरले. वाफ्यापाशी वाकून आडवं पडलेलं झाड त्यांनी हातात घेतलं, माती झटकली आणि परत ठेवलं.

"विटांनी काय होते गा? घूस काय तुमच्या विटा पाहून घाबरन? पिंजरा लावा लागते. माळ्यावर आहे, काढा."

पिंजरा निघाला. लोखंडी, गंजलेला, दार अर्धवट अडकलेलं. आनंदरावांनी त्याला तेल दिलं. आत काय लावायचं यावर नत्थूजी ठाम होते. "कांद्याची भजी. गरमच. घुशीले वास लागते. अन् थोडी जास्तच तळा. दोन तिच्यासाठी, बाकीची आपल्याले."

आनंदरावांनी भजी तळली, चहा ठेवला. बशी पुढे करताना ते म्हणाले, "तुमाले चालन ना माह्या हातचं?"

"मीठ बरोबर आहे ना? मंग काहून नाही चालन?" नत्थूजींनी भजं तोंडात टाकलं.

दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसले. चैत्राचं ऊन उतरलं होतं, शिंपडलेल्या मातीचा वास येत होता. नत्थूजी बोलू लागले. सिंधूताईंनी निशिगंधाचे कंद महाल भागातल्या माहेराहून कसे पदरात बांधून आणले, दुकानात एकदा एका नवरदेवाने शालू परत कसा आणून दिला, काय काय. आनंदरावांनीही सांगितलं. बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ते कोणाशीच बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बोलले. अंधार पडल्यावर रविंद्र वरून हाक मारू लागला तेव्हा नत्थूजी नाइलाजानं उठले.

घूस पहिल्या दिवशी सापडली नाही. भजी मात्र नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. रोज संध्याकाळी नत्थूजी खाली येत, पिंजऱ्याची जागा बदलवत, आनंदरावांच्या भज्यांत ओवा कमी असल्याचं सांगत. मग एका सकाळी दार पडलेलं दिसलं. आत ही एवढी, करड्या केसांची, दात दाखवत फुसफुसणारी घूस.

"मारू नका," नत्थूजी वरूनच म्हणाले. "दूर नेऊन सोडा. अन् दूर म्हणजे दूर, नाही तं तुमच्या आधी घरी येते ते."

आनंदरावांनी पिंजरा पोत्यात घातला, कॅरियरवर बांधला आणि खामल्याच्याही पुढे वावरात नेऊन दार उघडलं. घूस क्षणभर तशीच बसून राहिली, मग वावराच्या कडेच्या धुऱ्यावरल्या गवतात घुसली. रिकामा पिंजरा घेऊन परतताना त्यांना कामगिरी फत्ते झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सवयीने दोन खुर्च्या टाकल्या. वरून आवाज आला, "टाकलं का गा पाणी?"

"टाकलं."

नत्थूजी उतरले नाहीत. उतरायचं कारणच काय? एवढ्या पायऱ्या, दुखणारे गुडघे. 'या ना जी बसाले' एवढं म्हणायचं होतं, पण ते शब्द आनंदरावांच्या तोंडून निघेनात. आजवर कोणाला असं बोलावलेलं नव्हतं. आणि वरचा माणूस म्हणाला, 'काहून, काय काम होतं?' तर काय सांगायचं?

रोज सकाळी उठून ते आधी वाफे पाहत. माती सपाट. शेवंतीला नवे फुटवे आले होते. पुरा आठवडा असा गेला. मग एका पहाटे, वर सगळे झोपलेले असताना, आनंदरावांनी खुरपी घेतली आणि अळूच्या कडेला उकरायला सुरुवात केली. घूस करते तशी माती मागे फेकली, ढीग केला, भोक हाताने गोल केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस मुद्दाम एक खोटी गोष्ट करत होता. हात धुताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की आरशात न पाहताच त्यांनी भांग पाडला.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "नत्थूजी, दुसरी आली वाटते जी."

काठी वाजली. नत्थूजी बिळापाशी उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. काठीचं टोक आत घातलं, ते वीतभरही गेलं नाही.

"हं," ते म्हणाले. "ही तं मोठी बदमाश दिसते. पिंजरा लावा. अन् ओवा टाका आज."

त्या महिन्यात अंगणात बरीच बिळं झाली. कधी कढीपत्त्याखाली, कधी न्हाणीच्या मोरीजवळ. भजी रोज तळली जात आणि पिंजऱ्यातली भजी सकाळी जशीच्या तशी असत. याचं नवल दोघांपैकी कोणीही केलं नाही. नत्थूजी आता 'तुमी' सोडून 'तू' म्हणू लागले होते. ऊन वाढलं तसे ते उशिरा उतरत, पण उतरत.

वैशाखात एका पहाटे आनंदराव खुरपी घेऊन बसले असताना वरून आवाज आला. "काका, काय करून राहिले तुमी?"

तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन रविंद्र गॅलरीत उभा होता. आनंदरावांच्या हातातली खुरपी तशीच राहिली. रविंद्र भराभर खाली आला. माणूस वाईट नव्हता, पण घर त्याचं होतं. "म्हणजे हे तुमीच खोदून राहिले? भिंतीच्या बाजूले? अन् बाबूजी रोज ते पायऱ्या उतरून राहिले, त्यांचे गुडघे..."

आनंदरावांना वाटलं, आता खोली सोडावी लागणार.

"मीच सांगितलं त्याले," वरून नत्थूजींचा आवाज आला. बनियनवरच ते गॅलरीत आले होते. "आलं लावाचं आहे तिथं. अखजीचा सण आला ना! आता नाही लावाचं तं कधी?"

"आलं? अन् मले माहीत नाही?"

"तुले घरातलं काय माहीत असते रे? जा, तोंड धू."

रविंद्र दोघांकडे आळीपाळीने पाहत वर गेला. आनंदराव खाली मान घालून उभे राहिले. वर पाहायची त्यांची छाती झाली नाही. नत्थूजींना सगळं माहीत होतं म्हणजे. कदाचित पहिल्या दिवसापासून.

संध्याकाळी नत्थूजी सुनेकडून आल्याचे कोंब फुटलेले तुकडे कागदात बांधून घेऊन खाली आले. "आता खोटं बोललो तं लावाच लागन," एवढंच म्हणाले. दोघांनी मिळून त्या सगळ्या खड्ड्यांत आलं लावलं. त्यानंतर कारण लागलं नाही. आल्याला पाणी, आल्याला शेणखत, आल्यावर पाचोळा, असं करत नत्थूजी रोज खाली येत राहिले. आनंदरावांच्या आयुष्यात ते तीन महिने असे गेले की छापखान्यात चार वाजले की त्यांचा पाय घराकडे ओढ घेई.

श्रावणात रविंद्रची बदली अमरावतीला झाली. तिथली जागा लहान, तिलाही जिना, आणि नत्थूजींना जिना नको, म्हणून भिलाईच्या कारखान्यात असलेला त्यांचा मोठा मुलगा त्यांना न्यायला आला. हे सगळं ठरल्याचं आनंदरावांना कळलं ते ऑटोरिक्षा दाराशी उभी राहिल्यावर. नत्थूजी आदल्या संध्याकाळी नेहमीसारखे बसले होते, पण काही बोलले नव्हते.

"काल काहून नाही सांगितलं जी?"

"सांगून काय केलं असतं? संध्याकाळ खराब झाली असती," नत्थूजी म्हणाले. मग रिक्षातून हात बाहेर काढून त्यांनी आनंदरावांचा खांदा दाबला. "झाडाले पाणी टाकत राहा गा."

वरचा मजला कुलूपबंद झाला. आनंदराव पाणी टाकत राहिले. विचारायला कोणी नव्हतं, तरी पाणी झाल्यावर एकदा वर बघायची सवय लवकर गेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ते भिलाईला गेले. पत्ता विचारत विचारत कारखान्याच्या वसाहतीतलं ते क्वार्टर सापडलं. तिसरा मजला. जिना नको म्हणून इथं आणलेला माणूस तीन जिने वर बसला होता. घरात कुकरची शिट्टी, नातवंडांचा गलका. नत्थूजी मागच्या गॅलरीत खुर्चीवर होते, खूप वाळले होते. आनंदरावांना पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण बसले.

"आला का गा," ते म्हणाले. "घुशी काय म्हणतात?"

"नाही जी येत आता."

"काहून? तू खोदणं सोडलं?"

एवढ्या दिवसांत हे पहिल्यांदाच उघड बोललं गेलं होतं. आनंदराव हसू लागले. नत्थूजीही हसले, हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, मोठी सून पाणी घेऊन धावत आली. मग चहा झाला, चिवडा झाला, आणि त्यानंतर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. हातात काही काम नव्हतं, पुढे माती नव्हती. खाली सिमेंटचं अंगण आणि त्यात ओळीनं स्कूटर उभ्या. नत्थूजी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि थोड्या वेळाने खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

गाडीची वेळ झाली तेव्हा आनंदरावांनी त्यांना उठवलं नाही. सुनेचा निरोप घेऊन, जिने उतरून ते रस्त्यावर आले. थांबून वर पाहिलं, पण गॅलरी घराच्या मागच्या अंगाला होती. मग सायकलरिक्षाला हात करून ते स्टेशनाकडे निघाले.