स्कोलेसाइटची सुई

"न्याट्रोलाइट? ह्यो त्यो न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "ह्यो चुलीत टाकला की आळीवानी वळतोय."

आमचे हे, अनंतराव, दगडाला लावलेली नावाची चिठ्ठी वाचून दाखवता दाखवता थांबले. कॉलेजच्या भूशास्त्र विभागात चौतीस वर्षं ते प्रयोगशाळा साहाय्यक होते. काळ्या दगडाच्या पोकळीत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक त्यांनी हयातभर जमवले, आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत दगड ऐसपैस राहिले, आम्ही अंग चोरून. उद्या ते सगळे कॉलेजच्या संग्रहालयात जाणार होते. म्हणून सोजरबाई वाघोलीहून बघायला आल्या होत्या. खाणीत खडी फोडत होत्या तेव्हा सगळ्यात देखणा नमुना, पांढऱ्या सुयांचा पंखा, त्यांनीच लुगड्यात गुंडाळून आणून दिला होता.

"चुलीत कशाला टाकलात?" मी विचारलं.

"लुगड्यात चुरा पडला व्हता. न्याट्रोलाइट वळत न्हाई आसं सायेबच म्हनले व्हते. बगावं म्हनलं."

ह्यांचा चेहरा उतरला. तापवल्यावर वळते ती स्कोलेसाइटची सुई, नॅट्रोलाइटचा नुसता काचेसारखा थेंब होतो, हे ह्यांनीच शेकडो मुलांना दाखवलं होतं. हा पंखा मात्र मोडवेना, म्हणून नजरेनंच ओळखून चिठ्ठी लावली होती. बिनचूक चिठ्ठ्या एवढीच ह्या माणसाची मिळकत. मला फार वाईट वाटलं.

"राहू द्या हो. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

ह्यांनी चिमट्यानं एक सुई मोडली. गॅसच्या ज्योतीत धरल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग सुई हळूच वाकली आणि अळीसारखी आक्रसली.

"बगा," सोजरबाई एवढंच म्हणाल्या.

आता हे जेवणार नाहीत, असं मी धरून चालले. तर हे चक्क हसायला लागले.

"अठ्ठावीस वर्षं चुकलो गं, श्यामला!"

"एकाच बाबतीत? नशीब."

ह्यांनी नवी चिठ्ठी घेतली. 'स्कोलेसाइट, वाघोली' लिहिलं. खाली 'शोधला व ओळखला' लिहिलं आणि पेन थांबलं.

"बाई, तुमचं आडनाव काय?"

इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. मला शरम वाटली.

"विटकर. आन खान बी लिवा. बुजवली, वर सोसायटी झाली. पर लिवा."

ह्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. सोजरबाईंनी पदराला हात पुसले, चिठ्ठी दोन्ही हातांत घेतली आणि ओल्या शाईवर फुंकर घालत बसल्या.